शाळेचा निरोप, घराचं उत्तर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

शाळेतल्या तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या आगमनाच्या तारखांनी सांगितला जातो. रेडिओ अमुक साली आला, दूरदर्शन तमुक साली, मग संगणक, मग मोबाइल. सांगणारा शाळेच्या फाटकात उभा असतो आणि आत काय काय आलं याची नोंद करत जातो. आज मी हाच इतिहास जरा वेगळ्या जागेवरून, म्हणजे विद्यार्थ्याच्या घराच्या उंबऱ्यावरून पाहायचं ठरवलं आहे. येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारायचा आहे. बाबा रे, शाळेचा निरोप तू घरापर्यंत आणलास हे खरं. पण घराचं उत्तर परत शाळेपर्यंत नेलंस का?

यंत्रं नव्हती तेव्हाही शाळेची साधनं होतीच. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, तिच्यावर अक्षर गिरवायचं, हात फिरवून मोडायचं आणि पुन्हा गिरवायचं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिळाछापावर मराठी शाळेची पुस्तकं निघू लागली. पाटी-पेन्सिल आली, फळा आला, नकाशे आले. या प्रत्येक साधनानं शिकवण्याची रीत बदलली. शाळा आणि घर यांच्यातला व्यवहार मात्र पुष्कळ काळ तोंडीच राहिला. मास्तर आठवड्याच्या बाजारात भेटायचे, पिंपळाच्या पारावर भेटायचे, आणि मुलाचं काय चाललंय ते तिथंच कळायचं. महत्त्वाचं काही असलं तर गावात दवंडी पिटली जायची.

पुढं या तोंडी व्यवहाराला कागद आला, तो प्रगतिपुस्तकाच्या आणि चिठ्ठीच्या रूपानं. आपण त्याला तंत्रज्ञान म्हणत नाही, पण ते होतंच. शाळेचं म्हणणं घरी पोचवणारं ते पहिलं ठरीव साधन. त्यावर गुणांसाठी रकाने असत, शेऱ्यासाठी ओळ असे आणि खाली पालकाच्या सहीपुरती जागा असे. पालकाला काही म्हणायचं असेल, तर त्यासाठी रकाना नसे.

आमच्या घरात दखनी बोलली जायची. आई कुराण वाचायची, म्हणजे अरबी अक्षरं तिला लागत होती. मराठी अक्षरं लागत नव्हती. शाळेची चिठ्ठी आली की ती मलाच वाचून दाखवावी लागे. आरोपीनंच आरोपपत्र वाचायचं आणि दुभाष्याचं कामही त्यानंच करायचं, असा तो मामला. ऐकून झालं की आई तिचं म्हणणं सांगायची. सकाळी पोरगं काय खाऊन जातं, रात्री कंदिलाशी किती वेळ बसतं, कोणत्या विषयाला घाबरतं, हे सगळं तिला मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण तिचं म्हणणं दखनीत होतं आणि कागदावर जागा फक्त सहीपुरती. महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत हेच घडत आलं आहे. कुठं घरची भाषा गोरमाटी आहे, कुठं भिली, कुठं पारधी, कुठं कन्नड, तर कुठं गावाकडची मराठीच, पण पुस्तकातल्या मराठीहून निराळी.

आता रेडिओकडे येऊ. आपल्याकडे १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली अशा केंद्रांवरून शाळांसाठी कार्यक्रम सुरू झाले. कल्पना उत्तम होती. एक जाणकार माणूस बोलेल आणि शेकडो वर्ग ऐकतील. अडचण होती ती वेळापत्रकाची. रेडिओवर इतिहासाचा पाठ लागायचा तेव्हा वर्गात गणिताचा तास चालू असे. संच महाग, तो हेडमास्तरांच्या खोलीत. आणि मुख्य म्हणजे रेडिओ बोलायचा, पण त्याला काही विचारायची सोय नव्हती.

ही सोय करून पाहण्याचा एक नामी प्रयोग आपल्या मराठी मुलखातच झाला. वर्ष १९५६. स्थळ पुणे आकाशवाणी. युनेस्कोच्या मदतीनं, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली गेली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं श्रोतामंडळ. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम. प्रयोग शेतीचा आणि ग्रामजीवनाचा होता, शाळेचा नव्हता. तरी मी त्याची आठवण काढतो, कारण ऐकायला बसलेली माणसं म्हणजे गावातल्या शाळांच्या मुलांचे आईबापच होते, आणि या आईबापांना रेडिओनं प्रथमच उलट बोलायला सांगितलं होतं.

रीत अशी होती. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि चर्चा करायची. मंडळाचा चिटणीस त्या चर्चेचा सारांश आणि शंका लिहून केंद्राकडे पाठवी. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्या शंकांची उत्तरं दिली जात. त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. ते हिंदीतले नामवंत नाटककार. संवाद दोन्ही बाजूंनी झाला तरच नाटक उभं राहतं, हे नाटककाराला वेगळं शिकवावं लागत नाही.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केली. तुलनेसाठी आणखी काही गावं घेतली होती. त्यांतल्या काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काहींत रेडिओही नव्हता. निष्कर्ष फार बोलका निघाला. जिथं श्रोतामंडळं होती तिथं लोकांची माहिती चांगलीच वाढली. निरक्षर सभासदांचीही वाढली. जिथं नुसता रेडिओ होता तिथं मात्र वाढ अगदीच थोडी. रेडिओ तोच आणि कार्यक्रमही तेच होते. फरक पडला तो एकत्र बसून बोलण्यामुळे आणि त्या बोलण्याला उत्तर मिळण्यामुळे. पुढं १९५९ पासून हा उपक्रम देशभर नेण्यात आला. विस्तार झाला तसा त्यातला प्रश्नोत्तरांचा जिवंतपणा टिकवणं कठीण होत गेलं. मंडळांची संख्या कागदावर वाढवणं सोपं असतं. प्रत्येक पत्राला उत्तर देणं सोपं नसतं.

दूरदर्शनचं पाऊल शाळेत पडलं ते दिल्लीत. १९५९ च्या सप्टेंबरात तिथं प्रायोगिक दूरदर्शन सुरू झालं आणि १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्यानं माध्यमिक शाळांसाठी पाठ दाखवले जाऊ लागले. पण दिल्ली म्हणजे देश नव्हे. खेड्यातल्या शाळेत चित्र पोचवायचं तर मनोरे किती उभारायचे? यावर विक्रम साराभाईंचं म्हणणं होतं की आपण थेट आकाशातून जाऊ. १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. पण त्यांचं स्वप्न १ ऑगस्ट १९७५ रोजी प्रत्यक्षात आलं. ‘साइट’ या नावानं ओळखला गेलेला तो उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग वर्षभर, म्हणजे ३१ जुलै १९७६ पर्यंत चालला.

या प्रयोगाचे व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस, आपल्या कोल्हापूरचे. वयाची शंभरी पूर्ण करून २०२५ मध्ये ते पुण्यात निवर्तले. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख होते प्रा. यशपाल. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, तेव्हाचा ओरिसा, आंध्र आणि कर्नाटक अशा सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं निवडली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण सीमेला लागून असलेले कर्नाटकातले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. शिवाय मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार होत होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, दहा फूट व्यासाची छत्री गावात उभी राहायची आणि तिच्याखाली दूरदर्शन संच. वीज नसलेल्या काही गावांत तो बॅटरीवर चाले.

रोज चार तास कार्यक्रम असत. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा. तो हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया या चार भाषांत वाटलेला, म्हणजे एका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं. संध्याकाळचे अडीच तास मोठ्या माणसांचे. बऱ्याच गावांत संच शाळेच्या इमारतीतच असायचा. त्यामुळे एक वेगळीच गोष्ट घडली. जिथं मूल सकाळी बसायचं, तिथंच संध्याकाळी त्याचा बाप आणि आजी येऊन बसू लागली. वर्षभरात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना याच मार्गानं विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही दिलं गेलं. त्यात दूरदर्शनच्या जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि हातानं करायचे प्रयोग होते. एकटं यंत्र पुरेसं नाही, हे त्या मंडळींना पहिल्यापासून ठाऊक होतं.

पाहण्या झाल्या तेव्हा दिसलं, की मुलांची पटावरची संख्या किंवा गळती यांत फारसा फरक पडला नव्हता. पण मुलांची भाषा सुधारली होती आणि पुस्तकाबाहेरून काही जाणून घेण्याची ओढ वाढली होती. मला यातली दुसरी एक नोंद जास्त महत्त्वाची वाटते. हिंदी पट्ट्यातल्या कित्येक गावकऱ्यांना दूरदर्शनची हिंदीच नीट कळत नव्हती. ती पुस्तकी होती आणि घरची बोली निराळी. उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर होता. तिथून निघालेलं चित्र थेट शाळेच्या ओसरीत उतरलं, आणि बोली वेगळी म्हणून शेवटचे चार हात अडखळलं. वर्ष संपलं, अमेरिकेनं आपला उपग्रह परत हलवला आणि गावातले पडदे कोरे झाले.

त्यानंतरची तीसेक वर्षं मी भराभर सांगतो. आपले इन्सॅट उपग्रह वर गेल्यावर १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. शाळकरी मुलांसाठी मराठीतून दूरदर्शन कार्यक्रम करणारी ही हक्काची संस्था. त्याच वर्षी केंद्र सरकारनं शाळांसाठी संगणक साक्षरतेची ‘क्लास’ योजना आणली आणि सुरुवातीला अडीचशे शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ जातीचे संगणक दिले. पुढं शाळाशाळांत संगणक खोल्या झाल्या. खोलीला कुलूप, संगणकावर कापड आणि दारात चपलांची रांग. देवघरात जावं तशी मुलं आत जायची. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला गेला. त्याच्या जाळ्यात दोन तऱ्हेची केंद्रं होती. काही नुसती ऐकणारी आणि काही उलट प्रश्न विचारू शकणारी. म्हणजे १९५६ चं शहाणपण पुन्हा कुणाला तरी आठवलं होतं. पण हा दोन्ही बाजूंचा संवाद वर्ग आणि वर्ग यांच्यातला होता. घर त्यात कुठंच नव्हतं.

घर शिरलं ते वर्गणीच्या वाटेनं. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या आगेमागे जिल्हा परिषदेच्या हजारो शाळा ‘डिजिटल’ झाल्या. प्रोजेक्टर, पडदे, टॅब्लेट असा सरंजाम आला आणि त्यातला मोठा भाग लोकवर्गणीतून आला. कुणी पोत्यानं धान्य विकून पैसे दिले, कुणी मुलाच्या वाढदिवसाचा खर्च शाळेला दिला. गावानं पैसा घातला म्हणून गाव शाळेत डोकावू लागलं, हे या चळवळीचं खरं पुण्य. याच काळात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून कविता, पाठ आणि चित्रफिती मोबाइलवर आणल्या. त्यांच्या शाळेत कन्नड बोलणाऱ्या घरांतली मुलं होती. त्यांच्यासाठी त्यांनी पुस्तकातला मजकूर घरच्या भाषेत नेला. २०२० च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचं कौतुक झालं. मला त्या चौकोनी ठिपक्यांहून घरच्या भाषेकडे टाकलेलं पाऊल मोठं वाटलं.

आणि मग २०२० चा मार्च आला. शाळांना कुलपं लागली. सगळी शाळाच आता निरोप होऊन घरी जाणार होती. योगायोग पाहा, ‘बालचित्रवाणी’ला तीनच वर्षांपूर्वी, २०१७ मध्ये, टाळं लागलं होतं. मुलांसाठी पडद्यावरचे पाठ मराठीत करण्याचा तीन दशकांचा सराव असलेलं घर नेमकं गरजेच्या वेळी बंद होतं. तरी माणसं थांबली नाहीत. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका लागू लागली. रेडिओ पुन्हा कामाला आला. पालघर जिल्ह्यातल्या काही आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक फिरवून पाठ ऐकवले गेले. सोलापुरात यंत्रमाग कामगारांच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. ज्याच्याकडे फोन नाही त्यानं भिंतीसमोर उभं राहून वाचावं, ही त्यामागची सोय.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात ‘असर’ची देशव्यापी ग्रामीण पाहणी झाली. २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांच्या ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२० मध्ये तो ६१.८ टक्के घरांत गेला. तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळालेली मुलं साधारण एक तृतीयांशच होती. ज्यांना मिळाला त्यांना मुख्यतः व्हॉट्सअॅपवरून मिळाला. या आकड्यांवर पुष्कळ चर्चा झाली. त्याच अहवालातला आणखी एक आकडा मात्र मागं पडला. जवळजवळ तीनचतुर्थांश मुलांना घरातलं कुणी ना कुणी अभ्यासात मदत करत होतं. ज्यांचे आईवडील पाचवीच्या पुढं शिकलेले नव्हते, अशाही निम्म्याहून अधिक मुलांना घरातून मदत मिळत होती. कुठं आई शेजारी बसत होती, कुठं थोरली बहीण, कुठं काका. ज्या घराला आपण ‘अडाणी’ म्हणून सहीपुरतं ठेवलं होतं, त्या घरानं संकटात शाळा चालवली.

मग शाळा पुन्हा उघडल्यावर या घराला आपण काय दिलं? व्हॉट्सअॅपचा गट दिला. आज बहुतेक शाळांचे पालकगट आहेत. सुट्टीची सूचना, गणवेश, फी, गृहपाठ, कार्यक्रमाचे फोटो, सगळं तिथं येतं. आणि पुष्कळ गटांत एक ओळ दिसते : फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात. ही सोय २०१८ च्या मध्यात आली. शिक्षकांची बाजू मला कळते. चाळीस पालक, त्यात रोजची शुभप्रभातची फुलं, कुणाचं राजकारण, कुणाची जाहिरात. एकट्या बाईंनी रात्री अकरा वाजता किती उत्तरं द्यायची? पण या एका खुणेनं प्रगतिपुस्तकाचा जुना रकाना जसाच्या तसा परत आला आहे. बोलणार शाळा. घराकडे फक्त सही. आता तीही दोन निळ्या खुणांची.

खरं तर त्याच फोनमध्ये दुसरंही एक साधन आहे. २०१३ पासून व्हॉट्सअॅपवर आवाजाचा संदेश पाठवता येतो. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. वाचता येण्याची गरज नाही, लिपी येण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यातलं ऊसतोडीचं जोडपं दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातं आणि हंगाम संपल्यावर परततं. मूल मागं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असतं. त्या आईला लिहून काही विचारता येत नसेल, पण फडात उभं राहून अर्ध्या मिनिटात बोलता येतं : माझं पोरगं शाळेत येतंय का, जेवतंय का, रडतंय का? हा संदेश बाईंनी ऐकला आणि एका वाक्यात उत्तर दिलं, तर ते मूल शाळेत टिकण्याची शक्यता कुठल्याही प्रोजेक्टरपेक्षा जास्त वाढेल, असं मला वाटतं.

कायद्यानं तर घराला याहून मोठी जागा दिली आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असायला हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे कायद्याच्या कागदावर आई समितीची सभासद आहे आणि गटात तिला बोलायची परवानगी नाही. बऱ्याच घरांत नोंदवलेला नंबरही बापाचा असतो, आणि तो फोन दिवसभर बापाबरोबर कामावर जातो. शाळेला वाटतं निरोप दिला. आईला तो रात्री कळतो, किंवा कळतच नाही.

यावर उपाय महागडे नाहीत. गट कायम उघडा ठेवणं जमत नसेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ तो उघडावा. सूचना लिहून टाकतो तशी बोलूनही टाकावी, आणि गावात जी भाषा बोलली जाते तिच्यात बोलावी. दुसरी भाषा बोलणाऱ्या घरांसाठी त्याच वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी हे काम आनंदानं करील. आईचा नंबर वेगळा लिहून घ्यावा. आणि आलेल्या प्रश्नांतले चार प्रश्न निवडून पालकसभेत त्यांची उत्तरं द्यावीत. १९५६ साली पुण्याच्या केंद्रानं पोस्टकार्डांच्या जमान्यात हेच केलं होतं.

धूळपाटीपासून मोबाइलपर्यंत आपण शाळेचा आवाज मोठा करत आलो. तो कानाकोपऱ्यात पोचलाही. आता घराचा आवाज शाळेत ऐकू येईल एवढंच करायचं राहिलं आहे. त्यासाठी नवा उपग्रह लागत नाही. गटातली ती एक खूण तेवढी बदलावी लागते आणि मग समोरून जे येईल ते ऐकून घ्यावं लागतं.